दादाची चाकं

बाबा निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही.

बाबांनी उभं आयुष्य लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, बाबांच्या पायाखाली. गावातल्या निम्म्या लोकांची आजही समजूत आहे, की पहिल्या दिवशी भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी आपण थांबवली. ती बाबांनी थांबवली होती. त्याबद्दल बाबा कधी अवाक्षर बोलले नाहीत. बोलणं हे त्यांचं कामच नव्हतं. त्यांचं काय ते म्हणणं पाय मांडायचा.

पुढे ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं. ती दोन ब्रेकांची गाडी भंगारात गेली. पायाच्या कानावर मात्र ही बातमी कोणी घातली नाही. बाबा कोणाच्याही शेजारी बसले की उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा आणि तिथे नसलेला ब्रेक दाबायचा.

बहुतेक वेळा हा 'कोणीही' म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. बाबा त्याच्याकडेच राहत. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवून देण्याचं काम तो करायचा, आणि संध्याकाळी बाबांना आपल्या छोट्या गाडीतून बागेतल्या बाकापर्यंत नेऊन आणायचा. या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट नव्यासारखं कोरं होतं आणि शेजारच्या सीटपुढचं चवड्याखाली झिजून त्याला भोक पडलं होतं. गाडी धुणाऱ्याने एकदा अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, तुम्ही ही गाडी तिकडून चालवता काय?"

पायाची भाषा धाकट्याला पाठ होती. हलकेच टेकला म्हणजे 'पुढे सायकल आहे'. दाबला म्हणजे 'दिसत नाही का?' दाबून तसाच धरला म्हणजे 'तू हे लायसन कुठे मिळवलंस?' आणि हा शेवटचा प्रश्न खोचक होता, कारण ते लायसन त्याला बाबांनीच शिकवून मिळवून दिलं होतं, तिसऱ्या खेपेला. पहिल्या धड्याच्या दिवशी धाकट्याने गाडी थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर घातली होती. बाबांच्या पायाने दगा दिला असा तेवढाच प्रसंग, आणि बाबांनी तो पायाच्या नावावर कधी लिहिला नाही, धाकट्याच्याच लिहिला.

थोरल्याचं तसं नव्हतं. थोरला एका धड्यात शिकला. म्हणजे बाबा तसं सांगत. तो दुसऱ्या शहरात होता, मोठ्या हुद्द्यावर होता, आणि वर्षातून कधीतरी उंच, काळ्या, ट्रकच्या धाकट्या भावासारख्या दिसणाऱ्या गाडीतून यायचा. मागच्या खेपेला त्याने सगळ्यांना फिरवून आणलं. धाकटा मागे बसला होता. दोन सीटांच्या फटीतून त्याला बाबांचे पाय दिसत होते, आणि तिथे त्याने जे पाहिलं ते त्याच्या मनातून नंतर गेलं नाही. बाबांनी उजवा पाय डाव्या पायावर टाकला होता. घोट्यावर घोटा. एखादा माणूस घरच्या सोप्यावर पेपर वाचत बसतो तसा. थोरला भर चौकातून सुसाट निघाला, एका हातगाडीला हूल दिली, फोनवरही बोलला. घोटा हलला नाही.

त्या दिवसापासून धाकट्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपण गाडी चालवत असावं आणि बाबांनी पायावर पाय टाकावा. 'शाब्बास' नको, 'बरं चालवतोस' नको. एवढ्या खर्चात पडायची बाबांना सवयच नव्हती. नुसता पाय.

भिंगं घासणाऱ्या माणसाला कारण शोधायची खोड असते. त्याने शोधलं. फरक थोरल्यात आणि आपल्यात असेल हे त्याला पटेना. फरक गाडीत असणार. थोरल्याची गाडी उंच, तिची चाकं मोठी, चकचकीत, रस्त्यावर पाय रोवून उभी. आपली गाडी म्हणजे चार बशांवर ठेवलेला कप.

चाकं विकणाऱ्याच्या दुकानात भिंतीभर अलॉयची चाकं टांगलेली होती, सोनाराच्या दुकानात हार लावतात तशी. चाकवाला तोंडात बडीशेप घोळवत बाहेर आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाला, "साहेब, गाडी खानदानी आहे. पण तुम्ही हिला स्लिपरवर फिरवताय हो."

"मोठी बसतील का हिला?"

"बसवली की बसतात. कंपनीवाले काय, लहानच देणार. त्यांना मेली काटकसर. ही घ्या." त्याने एक चाक खाली काढलं. पाच पाकळ्यांचं, आरशासारखं. धाकट्याला त्यात आपला चेहरा दिसला, जरासा रुंद आणि बराच श्रीमंत. "याच्यावर टायर बारीक कडेचा येतो. त्याचीच तर शोभा आहे. गाडी रस्त्याला अशी चिकटते की शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागेल."

"झोप नको," धाकटा घाईने म्हणाला, "पण पाय... म्हणजे, निवांत वाटेल ना?"

"निवांत? अहो, मांडी घालून बसतील!"

मांडी ही धाकट्याच्या अपेक्षेच्या कितीतरी पलीकडची गोष्ट होती. त्याने हो म्हटलं. चाकवाल्याने जुनी चारही चाकं मोडीत घेतली. डिकीतली स्टेपनी तेवढी तशीच राहू दिली, "ती कोण बघतंय?" असं म्हणून. नंतर गाडी जॅकवरून उतरवताना, पाऊस पडेल बहुतेक अशा सुरात, त्याने दोन बारीक गोष्टी सांगितल्या. स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवलं तर चाक आत थोडं घासेल, तेव्हा शेवटपर्यंत वळवू नका. आणि मागच्या सीटवर शक्यतो हलकी माणसं बसवा.

घरी आल्यावर बायको कठड्यावरून खाली वाकून बराच वेळ बघत राहिली.

"कुणाची गाडी आहे ही?"

"आपलीच. चाकं बदलली."

"अगंबाई. मला वाटलं, कुणाच्या मुलाने वडलांचे बूट घातलेत."

"चांगली दिसत नाही का?"

"दिसतेय की. बाकी सगळी गाडी त्यांच्यापुढे लहान दिसतेय, एवढंच." मग तिने विचारलं, "आणि मगाशी तो घासल्याचा आवाज कसला आला, फाटकातून वळताना?"

त्याने चाकवाल्याच्या दोन्ही सूचना सांगितल्या. दुसरी सांगायला नको होती.

"म्हणजे मी जड," बायको म्हणाली.

"तसं कोण म्हणालं?"

"चाकं म्हणाली ना. आजवर तुमच्या घरातली माणसं बोलत होती, आता चाकंही बोलायला लागली. छान झालं." आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. त्या घरात भांडीही बोलत.

संध्याकाळी बाबा खाली उतरले. काठी टेकत त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकवाल्याने मारली होती तशीच, पण उलट्या दिशेने. पुढच्या चाकावर काठीने ठक् केलं. मग मागच्या.

"हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मीच."

"तरी म्हटलं," बाबा म्हणाले आणि आत बसले. बसताना त्यांना नेहमीपेक्षा पाय जास्त उचलावा लागला. ही पहिली तक्रार पायाने नोंदवली.

गाडी निघाली. फाटकाशी वळण घेताना चाक आतल्या बाजूने खर्रर्र करून घासलं. पाय दाबला. कोपऱ्यावर एक बाई रस्ता ओलांडायचा विचार करत उभी होती. नुसता विचारच. पाय दाबला. रस्त्यावरचा एकेक खडा बारीक टायरातून सीटपर्यंत वर येत होता आणि प्रत्येक खड्याला पाय पोच देत होता. धाकट्याच्या कपाळावर घाम आला.

"काटा किती दाखवतोय?" बाबांनी विचारलं.

"चाळीस."

"चाळीस नाही. झाडं जास्त वेगाने चाललीत." बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. "मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता खातं. काट्याला ते कुठे माहितेय? तो बिचारा जुनाच हिशेब सांगतोय. हे गाडीला खोटं बोलायला शिकवणं झालं." पाय दाबला आणि तसाच धरला. "उद्याच्या उद्या काढून टाक. मूर्खपणा नुसता. मी यात पुन्हा बसणार नाही."

धाकट्याला चाकं जाण्याचं एवढं वाटलं नाही. पण बाबा पुन्हा बसणार नाहीत म्हणजे पाय पुन्हा दिसणार नाही. म्हणजे तो घोटा घोट्यावर जाणं आता कायमचंच राहिलं. पुढचं वाक्य त्याने ठरवून उच्चारलं नाही. ते त्याच्या तोंडून निसटलं, स्कूलच्या पाटीवर गाडी गेली होती तसंच.

"बाबा, दादाने पाठवलीत."

"काय?"

"चाकं. दादाने पाठवलीत. तुम्हाला आरामात बसता यावं म्हणून."

धाकट्याने डोळ्यांच्या कडेने खाली पाहिलं. पाय मॅटवरून उठला होता. क्षणभर तो हवेत तसाच तरंगत राहिला, घर बदलणाऱ्या माणसासारखा. मग सावकाश डाव्या पायावर जाऊन बसला. घोट्यावर घोटा.

"मग आधी सांगायचं नाही का?" बाबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पकड चांगली आहे हं."

पुढच्याच चौकात एक कुत्रं आडवं आलं. धाकट्याने करकचून ब्रेक मारला. बाबांचा घोटा हलला नाही. धाकट्याला रडू येईल की हसू, हे त्याचं त्यालाच कळेना, म्हणून त्याने हॉर्न वाजवला.

बागेतल्या बाकावरची मंडळी म्हणजे बाबांचे जुने विद्यार्थीच. तेही आता म्हातारे झाले होते. त्यांना चाकं दाखवायला बाबा काठीनं वाट काढत रस्त्यापर्यंत आले. "थोरल्याने पाठवली. एवढ्या लांबून. त्याला म्हटलं नाही, सांगितलं नाही. माझे गुडघे त्याच्या लक्षात राहिले." मंडळींनी वाकून वाकून चाकं पाहिली. एक जण धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ असावा तर असा. नाहीतर आम्ही! तुझी मजा आहे बुवा, आयतं मिळतंय."

धाकटा म्हणाला, "हो ना."

रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी थोरल्याला फोन लावला आणि सवयीप्रमाणे स्पीकर चालू केला, कारण त्यांच्या मते दूरच्या माणसाशी मोठ्यानेच बोलायचं असतं. धाकट्याच्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं हातातच राहिलं.

"अरे, चाकं बसवली हं!"

पलीकडे जराशी शांतता झाली. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांना अशी शांतता पाळता येते. बैठकीत, कागद न वाचता गेल्यावर, ती उपयोगी पडते.

"अं... हो का? बसवली का? वा," थोरला म्हणाला. "कशी वाटली?"

"कशी काय विचारतोस! गाडीचा नूर पालटला. तुला कसं सुचलं रे?"

"अहो बाबा, त्यात काय एवढं," थोरला म्हणाला. "तुमच्यासाठी एवढंही नाही करायचं का मी?"

बायकोने ताट जरा जोरात ठेवलं.

अर्ध्या तासाने थोरल्याचा फोन धाकट्याला आला. "काय रे, कसली चाकं म्हणत होते बाबा?" धाकट्याने गॅलरीत जाऊन सगळं सांगितलं. तो रागावेल, हसेल, 'हे काय मध्येच माझं नाव' म्हणेल, आणि एका अर्थी ते बरंच होईल, असं धाकट्याला वाटत होतं. थोरल्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. कुणी विचारलं तर माहीत असलेलं बरं. किती पाकळ्यांची आहेत?"

"पाच."

"पाच. ठीक," थोरला म्हणाला, आणि बहुधा त्याने ते कुठेतरी टिपून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस धाकट्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे म्हणायला हवे होते. रोज संध्याकाळी बाबा शेजारी बसत, पायावर पाय टाकत आणि बाहेर बघत. कधी स्वतःशी काहीतरी गुणगुणतही. धाकटा सिग्नल चुकला, फुटपाथला घासला, एकदा तर एकेरी रस्त्यात उलटा शिरला. घोटा आपल्या जागी. धाकट्याला जे हवं होतं ते रोज, हाताच्या अंतरावर, त्याच्या शेजारी बसलेलं असायचं. फक्त ते त्याचं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पार्सल घरात ठेवून घ्यावं, रोज त्याच्यावरची धूळ पुसावी, पण उघडता येऊ नये, तसं ते होतं.

"सांगून टाका," बायको म्हणायची.

"सांगेन."

"कधी? चाकं झिजल्यावर?"

"सांगितलं तर पाय पुन्हा खाली येईल."

"येऊ दे की. तुमच्याच गाडीत येईल ना?" बायकोला ही गोष्ट इतकी सोपी वाटायची, की धाकट्याला तिचा हेवा वाटे. बायको मात्र स्वतः त्या गाडीत बसत नव्हती. बाजारात पायी जात होती. 'मी पडले जड' असं वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगत होती.

मग थोरला आला. या खेपेला विमानाने आला, एका दिवसासाठी. संध्याकाळी परत जायचं होतं. जेवून जिन्यावरून उतरताच तो गाडीपाशी थांबला. बुटाच्या टोकाने टायरला हलकेच टोचलं, आंबा पिकलाय का बघावा तसं.

"हीच म्हटली होती मी," तो म्हणाला. "पाच पाकळ्यांची. सहा पाकळ्यांची जरा थिल्लर दिसतात."

धाकट्याने भावाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यावर थट्टा नव्हती, डोळा मिचकावणं नव्हतं. थोरल्याचा त्या गोष्टीवर विश्वास बसला होता. इतक्या वेळा 'त्यात काय एवढं' म्हटल्यावर माणसाने पाठवलीही असणार, असं त्याचं स्वतःशी ठरलं असावं.

"आण किल्ली," थोरला म्हणाला, "बघू तरी माझी चाकं कशी पळतात."

बाबा पुढे बसले. धाकटा आणि त्याची बायको मागे. बायको आज हट्टाने बसली होती. "बघू या, मोठ्या दिरांच्या चाकांना तरी मी झेपते का." गाडी निघाली तेव्हा मागची दोन्ही चाकं आत घासायला लागली आणि सबंध रस्ताभर घासत राहिली.

"कसला आवाज येतोय रे?" थोरल्याने विचारलं.

"मागे वजन आहे," बाबा म्हणाले.

बायकोने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खिडकीबाहेर पाहिलं.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर थोरल्याला हुरूप आला. "दादा, जरा हळू," धाकटा मागून म्हणाला.

"अरे, पन्नासवरच तर आहे काटा."

"काटा कमी दाखवतो. चाकं मोठी आहेत ना. बाबा, तुम्हीच सांगितलं होतंत. सांगा ना त्याला."

"चालवू दे रे त्याला," बाबा म्हणाले. "त्याला कळतं."

फटीतून धाकट्याला बाबांचे पाय दिसत होते. घोट्यावर घोटा. आणि बाबांच्या खांद्यावरून, रस्त्याच्या मधोमध, पाइप टाकण्यासाठी खणून अर्धवट बुजवलेला खड्डा दिसत होता. सर्वांना दिसत होता. बाबांनाही दिसत होता. ज्या माणसाने उभं आयुष्य रस्त्यावरचा एकही खड्डा पायाखालून सुटू दिला नाही, त्याचा पाय आता जागचा हलेना. धाकट्याचाच पाय पुढे गेला. मागच्या सीटवर, पुढच्या सीटच्या पाठीत, त्याने नसलेला ब्रेक सगळ्या ताकदीने दाबला.

धाड्.

गाडी थोडी फरपटत जाऊन कडेला थांबली. थोरल्याच्या बाजूचं पुढचं चाक एखाद्याने लाडू दाबावा तसं चेपलं होतं, दोन पाकळ्या तुटल्या होत्या आणि टायर लोळागोळा होऊन पडला होता. सगळे उतरले. बाबांनी काठीने मोडकं चाक उचकटल्यासारखं केलं आणि धाकट्याकडे वळले.

"हवा कधी बघितली होतीस?"

"बाबा, मी..."

"रोज तू चालवतोस. निगा नको राखायला? दुसऱ्याने हौसेने दिलेली वस्तू. आणि सीटला मागून लाथ काय मारलीस, ऐन वेळी? त्याचं लक्ष गेलं."

"असू दे हो, बाबा," थोरला मधे पडला. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला बोलू नका. गेलं तर माझं चाक गेलं."

बायको तोंडाला पदर न लावताच हसली. फार मोठ्याने नाही. पण त्या मोकळ्या रस्त्यावर दुसरा कसला आवाज नव्हता.

थोरल्याला उशीर होत होता. त्याने फोनवरून टॅक्सी बोलावली. ती येईपर्यंत तो आणि बाबा झाडाखाली उभे राहून रस्त्यांच्या एकूण दुर्दशेवर बोलत राहिले, आणि धाकटा जॅक लावून, पान्यावर उभा राहून, नट सोडवत राहिला. डिकीतून त्याने स्टेपनी काढली. जुनी, लहान, काळी, धुळीने माखलेली. घरातल्या गरीब नातेवाइकाला लग्नाच्या पंगतीत बसवावं तशी ती त्या तीन चकचकीत चाकांच्या ओळीत बसली.

"दुसरं पाठवतो मी," टॅक्सीत बसताना थोरला म्हणाला. "काळजी करू नकोस." आणि ते त्याने इतक्या मनापासून म्हटलं, की धाकट्याला क्षणभर खरंच वाटलं.

परत निघाले. लहान चाक ड्रायव्हरच्या बाजूला होतं, त्यामुळे गाडी एका कोपऱ्यात बसली होती. धाकटा खाली आणि बाबा वर, अशी. बाबांना प्रथमच रस्ता वरून दिसत होता, आणि रस्त्याबरोबर धाकट्याची टाळूही दिसत असावी. सरळ जायचं तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागत होतं. धाकट्याने खाली पाहिलं. पाय खाली नव्हता, वरही नव्हता. अर्धवट हवेत होता. तीन चाकं थोरल्याची, एक धाकट्याचं, आता काय करावं हे पायाला समजत नव्हतं.

"त्याला वाईट वाटलं असणार," बाबा म्हणाले. "दाखवलं नाही त्याने. रात्री मी फोन करून सांगतो, की यापुढे तुझ्या वस्तूची काळजी घेऊ."

आरशात धाकट्याला बायको दिसली. ती नुसती बघत होती, आणि बघण्यात 'कधी?' एवढंच होतं.

"बाबा," धाकटा म्हणाला, "ती चाकं मी घेतली होती."

"म्हणजे?"

"दादाने नव्हती पाठवली. त्याला माहीतही नव्हतं. मी घेतली, मी बसवली. त्या दिवशी तुम्ही चिडलात म्हणून मी त्याचं नाव सांगितलं. चारही चाकं माझी होती. इतके दिवस तुम्ही माझ्याच चाकांवर बसत होतात. माझ्याच शेजारी."

गाडी चालत राहिली. मागे चाक घासत होतं. बाबा समोर बघत होते. सगळे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. बागेतला बाक, थोरल्याचा फोन, गुणगुणणं, आणि तो खड्डा.

"तरीच," बाबा म्हणाले.

"तरीच काय, बाबा?"

"तरीच मोडलं. मी म्हणतच होतो, थोरल्याची वस्तू अशी कशी मोडेल."

रस्ता सरळ होता. समोर सायकल नव्हती, माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. बाबांचा पाय खाली उतरला, मॅटवरच्या त्या जुन्या भोकात अचूक जाऊन बसला, आणि घर येईपर्यंत त्याने ब्रेक दाबून धरला.